विमानाचं अर्थिंग

खुटबावच्या शिवारात कुणाच्या विहिरीवर, मोटारीच्या पेटीखाली सकाळच्या पारी ओली माती आणि मिठाचे खडे दिसले, की बघणाऱ्यानं समजून जायचं, वच्छलाबाई येऊन गेली. आता स्वतःच्या मोटारीपाशी पाणी ओतावं, ते ठीक. ही बाई शेजाऱ्याच्या मोटारीपाशी ओतायची, भावकीच्या ओतायची, आणि ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं त्याच्याही मोटारीपाशी ओतून यायची. शहरातलं कुणी ऐकत असेल तर म्हणेल, ही कसली पूजा! पूजा नव्हे हो. मोटारीच्या पेटीपासून एक उघडी तार खाली येते आणि जमिनीत पुरलेल्या सळईला भिडते, तिला अर्थिंग म्हणतात. पेटीच्या पत्र्यात चुकून करंट उतरला, तर त्यानं माणसाच्या अंगातून न जाता त्या तारेनं मुकाट जमिनीत जावं, म्हणून ती सोय. उन्हाळ्यात जमीन वाळून भेगाळली की सोय कामातून जाते. मग खड्ड्यात मीठ टाकायचं, वर पाणी ओतायचं. एवढंच काम. पण एवढ्याशा कामाला कुणाला वेळ नसतो, आणि वच्छलाबाईला होता.

होता कसला, तिनं काढला होता. तिचा नवरा ज्ञानू ऐन वैशाखात उसाला पाणी द्यायला गेला आणि पेटीलाच चिकटला. वायरमन आला, त्यानं अर्थिंगची तार उचलून दाखवली. जमिनीत शिरते त्या जागी ती गंजून तुटली होती. कधीची तुटली होती, देव जाणे. रोज त्या तारेवरून पाय टाकून माणसं जात होती. त्यात ज्ञानू होता, वच्छलाबाई होती, सगळी वस्ती होती. खाली वाकून कुणी बघितलं नव्हतं.

वच्छलाबाई रडली, खूप रडली, आणि रडून झाल्यावर विचारायला लागली. करंट येतो कुठनं? जातो कुठं? तारेवर पारवा बसतो त्याला का लागत न्हाई? डीपीच्या ट्रान्सफॉर्मरला एवढ्या तारा कशाला? वायरमन बिचारा दोन-चार वेळा बोलला, मग तिला लांबून बघितलं की मोटारसायकल दुसऱ्या वाटेनं काढायला लागला. पण जे कळलं ते तिनं पक्कं धरलं. अर्थिंग न्हाई, तिथं हात न्हाई. आणि अर्थिंग असलं तरी आधी उलटा हात, म्हणजे बोटांची मागची बाजू पत्र्याला नुसती टेकवायची. करंट असेल तर हात झटक्यानं मागं येतो. सुलटा हात लावला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. ज्ञानूनं सुलटा हात लावला होता. तेव्हापासून वच्छलाबाईनं कुठल्याही यंत्राच्या पत्र्याला सुलटा हात म्हणून लावला नाही. घरातल्या फ्रिजलासुद्धा नाही. सगळी वस्ती हसायची. हसू दे, म्हणायची.

तर अशा बाईच्या नावानं विमानाचं तिकीट आलं.

तिची लेक अनिता आसामात होती. जावई दत्ता मिलिटरीत, तिकडंच पोस्टिंग. अनिताची दोन गरोदरपणं अर्ध्यातच गेली होती. हे तिसरं, आणि आता दिवस भरत आले होते. डॉक्टरनं पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. सासू नव्हती. आणि नेमकं ह्याच वेळी दत्ताला वरच्या चौकीवर जायची ऑर्डर आली. पोरगी एकटी पडणार. दत्तानं रेल्वेचं बघितलं, जागा नव्हती. असती तरी दोनदा गाडी बदलून, सगळा देश ओलांडून ही एकटी बाई कधी पोचायची? म्हणून त्यानं शुक्रवारचं विमानाचं तिकीट काढून मोबाइलवर पाठवून दिलं. मधे कलकत्त्याला उतरायचं, तिथून त्याच्याच पलटणीतल्या एकाची बायको सोबत होती. सगळं चोख.

वच्छलाबाईचा भाऊ हरिबा ते तिकीट सगळ्या वस्तीला दाखवत फिरला. जणू ह्यालाच उडायचं होतं.

"आक्का, नशीब काढलंस! आपल्यात कुणी बसलं न्हाई विमानात."

"बसंल की. पर मला एक सांग हरिबा, विमानाला अर्थिंग कुठं असतंय?"

"आभाळात कसलं आलंय अर्थिंग!"

"आन् आत करंट असतोय का न्हाई?"

"असतोय की. दिवे असत्यात, पंखे असत्यात, काय काय असतंय."

"सगळा पत्राच ना ते?"

"पत्राच."

"मग मी न्हाई बसायची," वच्छलाबाई म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला लागली.

हरिबाला आधी वाटलं, थट्टा करतेय. मग वाटलं, भ्याली. तो म्हणाला, अगं लाखो लोक बसतात. ती म्हणाली, मोटारीची पेटी पण लाखो लोक चालू करत्यात. हरिबा चिडला, पागोटं काढून मांडीवर आपटलं आणि म्हणाला, "लेकीपेक्षा तुला तार मोठी!"

हे मात्र तिला लागलं. संध्याकाळी अनिताचा फोन आला. "आई, येतीस ना?" एवढंच विचारलं पोरीनं. आवाज असा बारीक झालेला. "येते की, का न्हाई यायची?" वच्छलाबाई म्हणाली आणि फोन ठेवून उंबऱ्यावर बसून राहिली. तिला जायचं होतं हो. जीव तुटत होता. पण ज्या पत्र्याच्या पोटात करंट खेळतोय आणि ज्याची तार जमिनीला नाही, त्यात पाय ठेवायचा म्हटलं की तिला ज्ञानूचा पेटीवरचा हात दिसायचा. नुसत्या भीतीला समजावता येतं. हिच्याजवळ प्रश्न होता, आणि प्रश्नाला उत्तर लागतं.

हरिबाची पोरगी प्रगती तिकडं शिरूरजवळ एका संस्थेत विमानाचं इलेक्ट्रिकल शिकत होती. कारेगावला कंपनीतल्या पोरींसोबत खोली घेऊन राहायची. हरिबानं तिलाच फोन लावून आक्काच्या हातात दिला. घ्या म्हणाला, करा काय करायचं ते.

"आत्या, सोप्पंय," प्रगती म्हणाली आणि तिनं माहितीचा नळ सोडला. "छोट्या विमानात अठ्ठावीस व्होल्ट डीसी. मोठ्या विमानात इंजिनावर जनरेटर, एकशेपंधरा व्होल्ट एसी, चारशे हर्ट्झ. तिथून बसबार, मग सर्किट ब्रेकर, शिवाय बॅटरी, शिवाय इमर्जन्सीला..."

"ते समदं बराबर असंल, पोरी. अर्थिंग कुठंय?"

परीक्षेत लिहायचं उत्तर प्रगतीला पाठ होतं, पण ते आत्याला कसं सांगायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

"आत्या, तू इकडंच ये," ती शेवटी म्हणाली. "आमच्याकडं खरं विमान हाय. बघ डोळ्यांनी, मग ठरव."

विमान बघायचं म्हटल्यावर वच्छलाबाईचे डोळे चमकले. भ्यालेली बाई अशी चमकत नाही, हे हरिबानं बघायला पाहिजे होतं, पण तो पागोटं शोधत होता.

दुसऱ्या दिवशी चौफुल्याहून एसटी धरून, न्हावऱ्यावरून ती शिरूरच्या स्टँडवर उतरली. पिशवीत भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली आणि एक मिठाची पुडी. पुडी कशाला? सवय, दुसरं काय. दुसऱ्या बायका पिशवीत मिसरीची डबी ठेवतात, ही मीठ ठेवायची. प्रगती स्कूटी घेऊन आली होती. आत्याला मागं बसवून ती नगर रोडनं निघाली आणि वाटेत तिला एकच सांगितलं, "तिथं सत्यजीत सर असतील. चांगले हायत, पर कामाच्या जागी लई कडक. कशाला हात लावू नको."

"अगं, मला सांगतीस?" आत्या म्हणाली. "अख्ख्या गावाला मी सांगते."

मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये ते विमान उभं होतं. वच्छलाबाईला वाटलं होतं, केवढं थोरलं असेल. हे तर उसाच्या ट्रॉलीएवढं निघालं! पुढं एक पंखा, दोन पंख, चार माणसं बसतील एवढी जागा. उडायचं त्याचं वय संपलं होतं, आता पोरांना शिकायला ठेवलं होतं. तिनं भोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली. पंखांच्या मागच्या कडेला बारीक काड्या लावल्या होत्या, त्या बघितल्या, आणि वाकून पोटाखालून बघितलं. आणि एकदम ओरडली, "हाय की गं बाय!"

विमानाच्या चाकाजवळ एक चिमटा लावलेला होता. त्याची तार खाली फरशीतल्या खड्ड्याला गेली होती. अगदी मोटारीच्या पेटीला असते तशी. वच्छलाबाईला इतका आनंद झाला की तिनं पदर तोंडाला लावला. तो हरिबा म्हणे आभाळात कसलं अर्थिंग! हे काय मग?

तेवढ्यात सत्यजीत सर आले. तिनं रामराम केला आणि लगेच मुद्द्यावर आली.

"सर, अर्थिंग झ्याक हाय तुमचं. पर ही तार वर गेल्यावर कुठवर पुरती?"

बाजूची पोरं फिसकन हसली. सरांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं, पोरं गप्प.

"मावशी, ही तार विमान खाली उभं असतानाची. उडायच्या आधी काढतो आम्ही."

"काढता?"

"काढावीच लागते."

वच्छलाबाईचं तोंड उतरलं. हातात आलेलं कुणी काढून घ्यावं तसं तिला झालं. प्रगतीला तिच्याकडं बघवेना. सर मात्र म्हणाले, "प्रगती, आत्यांना तूच दाखव. प्रश्न चांगला आहे. तुमच्यापैकी एकानंही मला आजवर विचारला नाही." आणि ते बाजूच्या टेबलावर आपल्या कामाला लागले. कान मात्र इकडंच होते.

प्रगतीनं जरा वेळ विचार केला. मग तिनं सीटमागचं झाकण उघडलं. आत बॅटरी होती. बॅटरीच्या एका टोकाला जाड तार, ती पुढं दिव्यांकडं, यंत्रांकडं गेलेली. दुसऱ्या टोकाची तार मात्र वीतभरच, आणि ती एका बोल्टानं थेट विमानाच्या पत्र्याला आवळलेली.

"आत्या, इथनं मोज. दिव्याला किती तारा जात्यात?"

"एक," आत्यानं बोटानं दाखवलं. "दुसरी कुठंय?"

"दुसरी न्हाईच."

"एका तारेवर दिवा कसा लागंल?"

प्रगतीनं एक छोटा बल्ब आणला. त्याची एक तार बॅटरीच्या पहिल्या टोकाला जोडली. दुसरी तार आत्याला दाखवली, आणि पार मागं शेपटाजवळ जिथं रंग खरवडून पत्रा उघडा ठेवला होता, तिथं नुसती टेकवली. बल्ब लागला. उचलली, विझला. आत्या म्हणाली, "परत." परत लागला. "आता पंखाला लाव." पंखालाही लागला. मग प्रगतीनं मीटर घेतलं, त्याचं एक टोक पुढं नाकाला आणि एक शेपटाला लावलं. मीटरनं पीं केलं.

"सगळा पत्रा एकमेकांना जोडलेला हाय, आत्या. हाच दुसरी तार."

वच्छलाबाई बल्बाकडं बघत राहिली. तिच्या डोक्यात काहीतरी हललं.

"व्हय गं. आपल्या वस्तीवर ती पोरं जमिनीत सळई ठोकून एकाच तारेवर बल्ब लावत्यात. मी किती शिव्या घालते त्यास्नी."

"घालच. तिथं जीव जातोय. पर खेळ तोच. तिथं परतीची वाट जमिनीतनं, इथं पत्र्यातनं."

"परतीची?"

"करंटला काय जमिनीची आवड नसती, आत्या. तो जिथनं निघतो तिथं त्याला परत जायचं असतं, बास. आपल्याकडं तो डीपीतनं निघतो आन् डीपीची एक तार जमिनीत गाडलेली असती. म्हणून तो जमिनीकडं धावतो, जमिनीतनं परत डीपीत जातो. ज्ञानूमामा मधे सापडले. विमानात तो इंजिनावरच्या जनरेटरमधनं निघतो, त्याला परत जनरेटरकडं जायचंय. खालच्या जमिनीशी त्याचं काय देणंघेणं?"

आत्यानं शेपटाजवळच्या उघड्या पत्र्याकडं परत बघितलं. मग हळूच म्हणाली, "मेंढरांगत की गं."

आता हे प्रगतीला कळलं नाही, कारण ती पक्क्या घरात जन्मलेली. वच्छलाबाई मेंढरांमागं जन्मली होती. तिच्या बापाचं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पाऊस लागायच्या आत वर यायचं. आज ह्याच्या रानात जाळी लावून मेंढरं बसवायची, उद्या त्याच्या.

"मेंढरू सांच्याला परत यायचं ते गावाला न्हाई," ती सांगायला लागली. "गाव कुठं, आमी कुठं! जिथं जाळी लावलेली तिथं यायचं. रोज जागा निराळी, तरी बराबर यायचं. आमचं घर आमच्या संगं चालायचं. तसं विमानाची जमीन विमानाच्या संगं उडती, आसंच ना?"

"आसंच!" प्रगती टाळी वाजवून म्हणाली. पोरीला वाटलं, जिंकलो. तिकडं सरांनीही मान वर केली होती.

"आन् वरनं वीज पडली तर?"

"पडती कधीकधी. पत्र्यावरनं वरच्यावर जाती आन् दुसऱ्या टोकानं निघून जाती. आत कुणाला काय होत न्हाई. आन् ह्या काड्या बघितल्यास ना पंखाला? हवेत घासून पत्र्यावर जो करंट साठतो, तो ह्या काड्यांतनं हवेत सुटतो."

"आगं बाई! त्याचीबी सोय हाय."

"मग? जातीस ना शुक्रवारी?"

वच्छलाबाईनं मान हलवली. होयही नाही आणि नाहीही नाही, अशी.

"समजलं, पोरी. लई झ्याक समजलं. पर पटत न्हाई. अर्थिंग आमच्या पेटीलाबी होतं की. तार होती, सळई होती, समदं होतं. तुटल्यालं कुणी बघितलं न्हाई. ते वर जाऊन कोण बघतंय?"

प्रगतीचे डोळे भरून आले. अनिता तिची लहानपणची ताई होती, आणि आत्या गेली नाही तर ती तिकडं एकटीच राहणार होती. "चहा आणते," म्हणून ती बाहेर गेली. पोरंही गेली. सर फोनवर बोलत खिडकीकडं वळले.

आता वच्छलाबाई आणि विमान, दोघंच. झाकण उघडंच होतं. तिनं वाकून तो बोल्ट नीट बघितला. सगळ्या विमानाची जमीन ती काय ह्या एका बोल्टावर. आणि बोल्ट तर ठणठणीत कोरडा! तिच्या हातानं डोक्याला विचारलंच नाही. कित्येक वर्षं जे काम केलं तेच करायला हात पिशवीत गेला. पुडी सुटली, चिमूटभर मीठ बोल्टावर पडलं आणि वरून बाटलीतलं पाणी. देवाच्या मूर्तीवर घालावं इतक्या जपून.

"ओ मावशी! काय करताय!"

असं ओरडले सर, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. फोन टेबलावर टाकून ते धावत आले. "मीठ? मीठ टाकलंत? अहो कुणी सांगितलं तुम्हाला! बॅटरी! आधी बॅटरीची तार काढा कुणीतरी!" पोरं चहा सोडून पळत आली. एकानं बॅटरी सोडवली, एकानं शुद्ध पाण्याचा कॅन आणला, एकानं हवेचा पंप. सर गुडघ्यावर बसून अर्धे आत शिरले. त्यांनी बोल्ट खोलला, तार बाजूला केली, जागा धुतली, पुसली, परत धुतली, हवा मारून वाळवली, टॉर्च लावून भिंग घेऊन फटीफटीत बघितलं. आणि तोंडाचा पट्टा चालूच.

"जमिनीला मीठ लागतं, मावशी, पण ह्या पत्र्याला मीठ खातं! चार दिवसांत पांढरी पूड झाली असती इथं. वरून सगळं झकास दिसलं असतं आणि आत तार सुटलेली! आणि प्रगती, तू! झाकण उघडं टाकून चहाला गेलीस? शिकवलंय काय तुला? ह्या एका बोल्टाच्या भरवशावर वर माणसं असतात, माणसं! लहान पोरं असतात! निघ तू, उद्यापासून येऊ नको!"

प्रगती हुंदके द्यायला लागली. वच्छलाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आपण काय करून बसलो हे! पण बाई मान खाली घालून उभी असली तरी डोळे वर होते. ती सरांच्या हातांकडं बघत होती. बोल्ट नवा आणला, आवळला. आणि मग सरांनी तो स्वतः न तपासता पाना बाजूला ठेवला.

"ये, डोळे पूस," ते प्रगतीला म्हणाले. राग तोच, आवाज जरा खाली. "मी आवळलाय, मी तपासायचा नाही. तू तपास."

प्रगतीनं नाक पुसत मीटर लावलं, आकडा बघितला, सांगितला. सरांनी मान हलवली.

"सर," वच्छलाबाई म्हणाली, "माझं चुकलं. पर एक विचारू?"

"विचारा," सर हताश होऊन म्हणाले.

"हे विमान उडतंय का आता?"

"नाही. आता कधीच उडणार नाही."

"मग एवढं कशापायी केलं?"

सरांनी कपाळाचा घाम पुसला. "इथं चालतंय म्हटलं, की पुढं जाऊन ही पोरं उडणाऱ्या विमानालाही चालतंय म्हणतील. तिथं ठरलेली वेळ आली की झाकण उघडायचंच. खराब असो, चांगलं असो. एकानं करायचं, दुसऱ्यानं बघायचं. तोवर विमान जागचं हलत नाही."

"समद्या विमानांना आसंच?"

"सगळ्या."

वच्छलाबाई मटकन फरशीवर बसली. आणि एवढ्या वेळात जे झालं नव्हतं ते झालं, ती मोठ्यानं रडायला लागली. पोरं घाबरली. सर घाबरले. त्यांना वाटलं, आपण बोललो ते जास्त झालं. ते खाली वाकून म्हणाले, "मावशी, अहो, रागाच्या भरात..."

"न्हाई वो सर, वरडा तुमी. वरडा!" ती पदरात तोंड घालून म्हणाली. "आमच्या ह्यांच्या तारेपायी कुणी एकदा आसं वरडलं असतं तर आज माणूस असता वो माझा. रोज ओलांडून जात व्हतो. मीबी जात व्हते. एक बोलला न्हाई."

मग सरच तिच्यासमोर फरशीवर बसले. कुणीतरी तिच्या हातात चहा दिला, थंड झालेला, तोच ती प्याली. डोळे पुसले, उठली, प्रगतीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"सर, हिला काढू नगा. चूक माझी."

"काढतो कुठं मावशी," सर म्हणाले. "उद्या सगळ्यांच्या आधी येऊन हीच झाकण उघडेल."

"मग मी जाते आसामला," वच्छलाबाई म्हणाली.

शुक्रवारी हरिबा आणि प्रगती तिला पुण्याला विमानतळावर सोडायला गेले. तपासणीच्या ठिकाणी एका पोरीनं तिची पाण्याची बाटली काढून घेतली. मागचा एक गृहस्थ नियमांच्या नावानं कुरकुरत होता. वच्छलाबाई त्याला म्हणाली, "घेऊ द्या वो. बराबर हाय त्यांचं. लई जपावं लागतंय." पिशवीत ह्या वेळी डिंकाचे लाडू होते, बाळंतिणीसाठी. मिठाची पुडी तिनं हरिबाजवळ दिली होती आणि बजावलं होतं, मी येईपर्यंत दर सोमवारी समद्यांच्या मोटारींना मीठ-पाणी तू घालायचं. सोमवार चुकला तर याद राख.

विमानतळावरच्या बसमधून उतरून ती विमानाच्या जिन्याकडं चालली. हे मात्र थोरलं होतं, मान वर करून बघावं लागलं. चाकापाशी एक माणूस वाकला होता. त्यानं तार काढली, हातावर गुंडाळली आणि बाजूला झाला. तिची नजर त्या गुंडाळीमागं गेली. मग तिनं पंखाच्या मागच्या कडेला बघितलं. बारीक काड्या होत्या. सगळ्या जागच्या जागी.

जिना चढून ती दारापाशी आली आणि थांबली. उजवा हात वर गेला. बोटांची मागची बाजू तिनं दाराच्या कडेला टेकवली, नुसती टेकवली. काही नाही. हात तसाच राहिला.

"आजी, चला की," मागून कुणीतरी म्हणालं.

"चालले बाबा," वच्छलाबाई म्हणाली.

तिनं हात सुलटा केला. सगळा तळवा, पाची बोटं, विमानाच्या अंगावर ठेवली. पत्रा गार होता. मग ती आत गेली.